आजोबांचे पेन : ओळख आणि मोल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



गेल्या वर्षीच्या मेळाव्यात भोजनोत्तर एक वृद्ध भगिनी आमच्याकडे आल्या. हातरुमालात गुंडाळलेले एक शाईचे पेन त्यांनी आमच्यापुढे ठेविले व म्हणाल्या, "गुरुजी, हे आमच्या मालकांचे. पार्कर आहे. शेजारचा मुलगा म्हणतो, जुन्या पार्करला लाखभर रुपये येतात. नातवाची कॉलेजची फी भरायची आहे. जरा पाहून सांगता का?"

आम्ही पेन हाती घेतले. टोपण सोनेरी, खिशास अडकवावयाची पट्टी बाणाच्या घाटाची, निब आत झाकलेली. दिसावयास सर्व काही पार्करप्रमाणेच. परंतु भिंग लावून अक्षरे वाचली तेव्हा ते शांघायच्या हीरो कंपनीचे पेन असल्याचे दिसून आले. त्या भगिनींचे यजमान एका सरकारी कारखान्यात सुतारकाम करीत आणि याच पेनाने त्यांनी बावीस वर्षे पगाराच्या वहीवर सही केली होती. आमचे बोलणे ऐकून बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे हे खोटे का हो?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "मावशी, पेन खरे आहे. त्याच्याविषयीची समजूत तेवढी चुकीची होती."

नातवाची फी पुढे आप्तेष्टांच्या व मंडळाच्या साहाय्याने भागली. परंतु त्या प्रश्नाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. आपल्या ज्ञातीत अशी कितीतरी पेने कपाटाच्या खणांत व जुन्या ट्रंकांत पडून असतील. त्यांपैकी काहींविषयी अवास्तव आशा बाळगली जात असेल, तर काही खरोखरीची चांगली पेने कोणी शंभर-दोनशे रुपयांस देऊन टाकीत असेल. अज्ञानाने दोन्हीकडे नुकसानच होते. म्हणून चिटणीसांनी यंदा बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. आम्ही या विषयातील पंडित नव्हे. १९७४ साली जुनी अकरावी मॅट्रिक झालो, शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला, प्राथमिक शाळेत मुलांची अक्षरे सुधारण्यात हयात घालविली आणि निवृत्तीनंतर जुनी पेने दुरुस्त करण्याचा छंद लावून घेतला. एवढाच आमचा अधिकार.

आपली ज्ञाती विश्वकर्म्याची परंपरा सांगणारी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाती वाकस, पटाशी आणि रंधा. ज्या दिवशी आपल्या घरातील पहिल्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशाला पेन लागले, तो दिवस त्या घराच्या इतिहासातील मोठा दिवस होता. जमीनदाराच्या घरी पेन हे एक भूषण असेल. आपल्या घरी ती अंगठा उठविण्याचे दिवस संपल्याची निशाणी होती. हे ध्यानी ठेवूनच पुढील विवेचन ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रथम एक पथ्य. जुने पेन सापडले की आपला हात लगेच फडक्याकडे व पॉलिशकडे जातो. तसे करू नये. जुन्या शिसवी पेटीवर सॅंडपेपर मारणाऱ्यास आपण काय म्हणू? पेनाच्या नळीवर कोरलेली बारीक अक्षरे हीच त्याची जन्मपत्रिका होय. ती घासून गेली की पेन अनाथ झाले. कडेला खिट्टी असेल तर ती उचलू नये. आतील रबरी पिशवी वाळून कडक झालेली असते. जोर केला की खिट्टी मोडते किंवा नळी चिरते. पकडीने निब ओढू नये. गरम पाण्यात पेन बुडवू नये. त्याने काळे पेन तपकिरी पडते आणि काही जातींची पेने वाकतात. स्पिरिट लावू नये. निबेवर शाई वाळली असेल तर केवळ निबेचे टोक साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवावे व पाणी बदलीत राहावे. रात्रभरात पुष्कळशी शाई सुटते. घाई करणाऱ्याच्या हाती जुनी वस्तू टिकत नाही.

आता ओळख. आपण लाकूड पाहतो तेव्हा प्रथम त्याची जात पाहतो, वास घेतो, वजन अजमावतो. पेनाचेही तसेच करावे. अगदी जुनी पेने बहुधा एबोनाइटची असतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. अंगठ्याने जोराने चोळून नाकाशी नेले तर गंधकाचा मंद वास येतो, आणि उजेडात राहिलेले काळे एबोनाइट शेवाळी किंवा तपकिरी पडलेले दिसते. दुसरी जात सेल्युलॉइडची. १९२० नंतरच्या दशकात ती पेनांमध्ये रूढ झाली, आणि संगमरवरासारखी किंवा मोत्यासारखी रंगीत पेने आली. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, म्हणून चोळल्यावर कापराची आठवण होते. पदार्थ ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचून पाहण्याची युक्ती काही लोक सांगतात. ती कदापि करू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. ते हवाबंद डबीत कोंडूनही ठेवू नये. तिसरी जात केसिनची, म्हणजे दुधाच्या चोथ्यापासून केलेली. काही इंग्रजी पेने या जातीची आहेत. रंग फार मनोहर. परंतु पाण्यात ठेवले की ते फुगते. पुढे मात्र साध्या साच्यातील प्लॅस्टिकचे युग आले.

दुसरी खूण शाई भरण्याच्या रीतीची. न्यूयॉर्कच्या ल्युइस वॉटरमन यांनी १८८४ साली आपल्या पेनाचे पेटंट घेतले. निबेखालच्या जिभेस बारीक खाचा पाडल्या असता शाई खाली उतरते व तितकीच हवा वर जाते, हे त्यातील मर्म. त्या काळच्या पेनात नळी उघडून ड्रॉपरने शाई भरीत. १९०८ साली अमेरिकेतील फोर्ट मॅडिसन गावचे एक जवाहीर, वॉल्टर शेफर, यांनी कडेच्या खिट्टीने आतील रबरी पिशवी दाबण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले, आणि पुढे अनेक कंपन्यांनी खिट्टीची पेने काढली. १९२९ साली जर्मनीच्या पेलिकन कंपनीने मागील घुंडी फिरवून दट्ट्या वर-खाली करावयाचे पेन आणले. १९३३ साली पार्करचे व्हॅक्युमॅटिक आले. त्याच्या नळीच्या मागचे झाकण काढले की दाबावयाची कळ दिसते. अशा रीतीने केवळ शाई कशी भरतात एवढे पाहून पेनाचा काळ पुष्कळसा हाती लागतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपल्या देशात ड्रॉपरने भरावयाची पेने पुढे अनेक दशके होत राहिली आणि आजही होतात. सबब ड्रॉपरचे पेन म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे, असे अनुमान काढू नये.

तिसरी खूण निबेची. निबेवर १४ सी.टी., १४ के किंवा ५८५ असा अंक असेल तर त्या धातूत शंभर भागांपैकी सुमारे साडेअठ्ठावन भाग सोने असते. १८ किंवा ७५० असेल तर पंचाहत्तर भाग. सोन्याची निब श्रीमंती मिरविण्यासाठी केलेली नव्हती. जुनी शाई आम्लधर्मी असे आणि ती पोलादास खाऊन टाकी. सोन्यास मात्र तिची बाधा होत नसे. सोने मऊ असल्याने निबेच्या अगदी टोकास एका कठीण धातूचा सूक्ष्म कण जोडलेला असतो. भिंगाने तो शाबूत आहे की नाही, हे अवश्य पाहावे. तो गेला असेल तर निब सोन्याची असूनही अधू होय. सोनेरी दिसणारी प्रत्येक निब सोन्याची नसते. लोहचुंबकास चिकटली तर ती सोन्याची नव्हे हे निश्चित. परंतु चिकटली नाही म्हणून ती सोन्याचीच, असेही नव्हे, कारण काही जातींचे पोलाद चुंबकास दाद देत नाही. टोपणाचेही तसेच. त्यावर १/१० १२ के असे काही लिहिलेले असेल तर ते भरीव सोने नसून हलक्या धातूवर चढविलेला सोन्याचा पातळ पत्रा होय.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची खूण अक्षरांची. नळी तिरप्या उजेडात धरून भिंगाने वाचावी. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असे असेल तर पेन १९४९ ते १९९० या काळातील. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या परक्या अमलातील. डबीवर किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७ पूर्वीची, आणि 'नये पैसे' असे छापलेले असेल तर १९५७ ते १९६४ या काळातील. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून १९५० च्या सुमारापर्यंत अमेरिकेत झालेल्या पुष्कळ पार्कर पेनांवर कंपनीच्या नावाशेजारी एक बारीक आकडा असतो. तो सालाचा शेवटचा आकडा दर्शवितो. दशक कोणते, ते पेनाच्या घडणीवरून ठरवावयाचे. इंग्लंडच्या कॉनवे स्ट्युअर्ट पेनांवर नमुन्याचा क्रमांक कोरलेला आढळतो.

आकड्यांवरून होणाऱ्या गमतीही थोड्या नाहीत. 'पार्कर ५१' हे १९५१ साली झाले म्हणून त्यास ५१ म्हणतात, असे आम्हांस अनेकांनी सांगितले आहे. वस्तुतः पार्कर कंपनी १८८८ साली सुरू झाली, तिच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९३९ साली, हे पेन सिद्ध झाले म्हणून त्यास ते नाव मिळाले, आणि अमेरिकेच्या बाजारात ते १९४१ साली साडेबारा डॉलरांस विकावयास आले. जर्मनीच्या माँब्लां पेनाच्या निबेवर ४८१० हा अंक असतो. एका गृहस्थांनी तो पेनाचा अनुक्रमांक समजून "जगात पाचच हजार निघाली असतील" असा हिशेब आम्हांस ऐकविला. तो अंक म्हणजे माँब्लां पर्वताची मीटरमधील उंची होय, आणि टोपणावरचा पांढरा तारा म्हणजे त्या पर्वताचे हिमाच्छादित शिखर. शेफरच्या टोपणावरील पांढरा ठिपका १९२४ पासूनचा. ज्या पेनांस कंपनी आजन्म हमी देई त्यांवर तो असे. आज ती हमी कोणी पाळील या आशेने ते पेन घेऊन जाऊ नये.

देशी पेनांविषयी दोन शब्द बोलल्याखेरीज हे विवेचन पुरे होणार नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने हाताने पेने घडविली. त्यांनी पाठविलेले पेन गांधीजींनी वापरून पाहिले आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून त्यांचे आभार मानले. एबोनाइटचा दांडा चरकावर फिरवून, पटाशीने उतरवून, आट्या पाडून हे पेन तयार होते. आपल्या सावंतवाडीकडील कातकामाचे हे सख्खे भावंडच नव्हे काय? मुंबईत विल्सन पेने झाली, कॅम्लिनच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात शाईच्या पुडीपासून आरंभ केला आणि पुढे त्या नावाची पेनेही आपल्या मुलांच्या हाती आली. मद्रासला पायलट पेने होत. ही पेने विलायती नाहीत म्हणून फेकून देण्याजोगी समजू नयेत. जुनी, हाताने घडविलेली देशी पेने शोधणारे जाणकार आज आहेत.

आता मोलाकडे वळू. पेनाची किंमत चार गोष्टींवर ठरते. पहिली, ते पूर्ण आहे काय. म्हणजे टोपण, पट्टी, निब, जीभ व नळी सर्व जागेवर आहेत काय. दुसरी, ते सर्व भाग मूळचेच आहेत काय. एकाची नळी, दुसऱ्याचे टोपण आणि तिसऱ्याची निब अशी जोडपेने बाजारात पुष्कळ फिरतात. निबेवरील नाव आणि नळीवरील नाव जुळले पाहिजे. तिसरी, स्थिती; टोपणाच्या कडेस केसासारखी चीर असली तरी किंमत निम्म्याखाली येऊ शकते. चौथी, मागणी. येथेच बहुतेकांची फसगत होते. जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे, आणि दुर्मीळ म्हणजे हवेहवेसेही नव्हे. पार्कर ५१ हे उत्कृष्ट पेन खरे, परंतु ते लाखोंनी निघाले. म्हणून आजही सहज मिळते, आणि त्याच्या साध्या नमुन्यास बेताचीच किंमत येते. मोठ्या किमती येतात त्या विरळ रंगांस, मोठ्या आकाराच्या निबांस, जपानी लाखकामाच्या पेनांस आणि जशीच्या तशी राहिलेल्या वस्तूंस. मूळची डबी व कागद असतील तर ते जपावेत. त्यांनी भर पडते.

आजकाल मोबाइलवर पाहून किंमत ठरविण्याची रीत पडली आहे. त्यात एक भेद ध्यानी ठेवावा. विकणारा जी किंमत मागतो ती किंमत नव्हे. तसे पेन प्रत्यक्ष कितीस विकले गेले, ती किंमत. बाजारात कोणीही आपल्या म्हशीचे लाख रुपये सांगावेत, त्यास बंदी नाही. विकावयाचेच झाले तर निदान तीन ठिकाणी विचारावे, निबेचे व अक्षरांचे छायाचित्र आधी काढून ठेवावे, आणि पावतीवाचून पेन कोणाकडे ठेवून येऊ नये. नळीवर वडिलांचे नाव कोरलेले असेल तर सामान्य गिऱ्हाईक त्याबद्दल किंमत कमी करतो. तेवढ्यासाठी ते नाव घासून काढणाऱ्यास काय म्हणावे, ते आम्ही आपणांवरच सोपवितो.

येथपर्यंत आम्ही शिक्षकाच्या भूमिकेतून बोललो. आता अपराध्याच्या भूमिकेतून थोडे बोलावयाचे आहे, आणि तेवढ्यासाठीच आज आम्ही येथे उभे आहोत.

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी सुतारकाम करीत. त्यांस अक्षरओळख नव्हती. वाईच्या एका वकिलांसाठी त्यांनी पुस्तकांची दोन सागवानी कपाटे केली. आमचे वडील त्या वर्षी, म्हणजे १९४२ साली, व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाले होते. मजुरीपैकी काही रक्कम शिल्लक होती. आजोबा वकिलांस म्हणाले, "साहेब, बाकीचे पैसे नकोत. आपल्या खिशाचे ते पेन माझ्या पोरास द्या." ते पेन इंग्लंडचे, स्वान कंपनीचे होते, काळे, कडेस खिट्टी असलेले, सोन्याच्या निबेचे. वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झाले व हेच पेन त्यांनी जन्मभर वापरले. हजेरीपट, गावकऱ्यांची पत्रे, कर्जाचे अर्ज, लग्नाच्या याद्या, सर्व याच पेनाने. आमचा पहिला 'श्री' त्यांनी आमचा हात धरून याच पेनाने गिरविला. १९८२ साली ते वारले.

१९८४ साली आमच्या घरात आजारपण होते आणि हाती पैसा नव्हता. कोणीतरी म्हणाले, निब सोन्याची आहे. आम्ही ती एका सोनाराकडे नेली. आमच्या डोळ्यांदेखत त्याने ती उपटली, चिमट्यात धरून टोकाचा कण कापून टाकला आणि उरलेले सोने तराजूत घातले. वजन अर्धा ग्रॅमही भरले नाही. आता हा हिशेब मुलांनीही करून पाहावा. निब ०.४ ग्रॅमची धरली तर चोवीस भागांपैकी चौदा भाग सोने, म्हणजे शुद्ध सोने पाव ग्रॅमाहूनही कमी. घट वजा जाता आमच्या हातावर चाळीस रुपये पडले. सोनाराने आम्हांस फसविले नाही. त्याने सोन्याचा भाव दिला. पेनाचा भाव विचारण्याची बुद्धी आम्हांसच झाली नाही. त्या चाळीस रुपयांत औषधाच्या दोन बाटल्याही आल्या नाहीत. धाकट्या बंधूंस हे कळले तेव्हा ते सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही त्या नळीत नवी रबरी पिशवी घातली व दुसरी एक निब बसविली. पेन आज लिहिते. परंतु आपणांस एक गोष्ट सांगावयाची आहे, जी आपल्या ज्ञातीतील माणसास निराळी समजावून देण्याचे कारण नाही. पटाशी वर्षानुवर्षे एकाच्या हाती राहिली की तिची धार त्या हाताच्या कलाने तिरपी होते. दुसऱ्याने ती उचलली तर त्यास लगेच कळते की, ही माझी नव्हे. निबेचेही तसेच आहे. लिहिणाऱ्याच्या बोटांचा जो कल असतो, त्या कलाने तिचे टोक चाळीस वर्षांत कणाकणाने झिजते. त्या टोकावर आमच्या वडिलांचा हात उमटलेला होता. त्यांचे छायाचित्र आमच्यापाशी आहे, त्यांचे अक्षरही आहे. परंतु तो हात जिथे शिल्लक होता तेवढीच जागा सोनाराने आधी कापून टाकली, कारण तीत सोने नव्हते. याची किंमत कोणत्या तराजूत करावयाची, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

ज्ञातिबंधूंनो, आम्ही असे म्हणत नाही की अडचणीच्या वेळीही पेन विकू नये. माणसाच्या जिवापुढे वस्तू ती काय! घरात औषधास पैसे नसतील तर पेन विकावे, आणि त्यात लाज बाळगू नये. आमचे म्हणणे इतकेच की ओळख पटविल्यावाचून विकू नये, आणि ते मोडून तर मुळीच विकू नये. मोडलेल्या पेनाचे सोने गुंजभर होते. अखंड पेन दुसऱ्या कोणाच्या हाती गेले तरी पेनच राहते. आणि आपल्या पेनाची बाजारात किंमत नाही असे कळले, तर त्याचाही खेद करू नये. आरंभी ज्या मावशींविषयी सांगितले, त्या शेवटी आम्हांस म्हणाल्या, "बरे झाले, गुरुजी. लाखाचे असते तर विकावेच लागले असते." त्यांनी ते पेन पुन्हा रुमालात गुंडाळले आणि नातवाच्या हाती दिले.

शेवटी एक सूचना मांडून आम्ही आपले भाषण संपवितो. आपण सर्वांनी घरी गेल्यावर जुने पेन शोधावे. ते न घासता, न उघडता, मऊ सुती कापडात ठेवावे. सोबत एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात: पेन कोणाचे; त्यांस ते कोठून, केव्हा व कसे मिळाले; त्यांनी ते कोणत्या कामी वापरले; नळीवर, टोपणावर व निबेवर कोणती अक्षरे व आकडे आहेत; कोणता भाग बदललेला आहे; आणि ही माहिती कोणी सांगितली. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी, कल्पनेने भरू नये. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. पुढे पेन राहील, परंतु ते कोणाचे हे सांगणारे कोणी राहणार नाही. पुढील मेळाव्यास प्रत्येक कुटुंबाने असे एक पेन व असा एक कागद घेऊन यावे. पेन आपणच परत न्यावे. कागदाची एक प्रत मात्र मंडळाच्या दप्तरी द्यावी. अशा शंभर कागदांतून, ज्यांच्या हाती पटाशी होती त्यांच्या हाती पेन कसे आले, याचा इतिहास आपोआप सिद्ध होईल.

पहिला कागद आम्ही आजच लिहून आणला आहे. त्यात 'कोणता भाग बदललेला आहे' या प्रश्नापुढे 'निब' असे लिहिले आहे, आणि कारणही लिहिले आहे. तो कागद आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहो.